मानवाकृती मृत्पात्रे

मानवी शरीराचा, मस्तकाचा किंवा शरीराच्या एखाद्या भागाचा आकार दिलेली मातीची पोकळ भांडी. ज्या मृण्मूर्ती केवळ मूर्ती म्हणून घडविल्या जातात आणि ज्यांत काही साठविता येत नाही, त्यांचा समावेश या संज्ञेत होत नाही. पाणी, मद्य, धान्य, अस्थी वा संपूर्ण शव सामावून घेणारे पात्र आणि माणसाचे रूप या दोहोंचा संयोग हे या प्रकाराचे लक्षण होय. अशी पात्रे जगाच्या अनेक भागांत स्वतंत्रपणे निर्माण झाली. त्यांपैकी दक्षिण अमेरिकेच्या अँडीज प्रदेशातील पात्रे कलादृष्ट्या सर्वांत प्रगत मानली जातात. महाराष्ट्रातील इनामगाव येथे मिळालेला चार पायांचा दफनकुंभ हा या वर्गातील ओबडधोबड, परंतु विशेष बोलका नमुना आहे.

घटाला शरीर मानण्याची कल्पना मुळात कुंभाराच्या रोजच्या भाषेतच रुजलेली आहे. मराठीत मडक्याला तोंड असते, गळा असतो, पोट असते आणि बूडही असते. मुठींना कान म्हणतात. अशाच प्रकारचे शब्द इतर अनेक भाषांत आढळतात. त्यामुळे घटाच्या गळ्यावर दोन डोळे आणि नाक चिकटविण्याची युक्ती एका ठिकाणी निघून सर्वत्र पसरली, असे मानण्याचे कारण नाही. हंगेरीतील कोकेनडोंब येथील नवाश्मयुगीन बैठी स्त्री-पात्रे, ट्रॉय येथील मुखघट, इट्रुस्कन लोकांचे माणसाच्या मस्तकाच्या आकाराची झाकणे असलेले अस्थिकुंभ आणि इझ्राएलमधील पेकीइन येथील गुहेत मिळालेल्या, चेहरा असलेल्या ताम्रपाषाणयुगीन अस्थिपेट्या ही याची प्रसिद्ध उदाहरणे होत. ट्रॉयच्या घटांवरील चेहरे हाइन्‍रिख श्लीमान याला घुबडाचे वाटले व त्यावरून त्याने त्यांचा संबंध अथीना देवतेशी जोडला. पुढील संशोधकांनी तो मानला नाही. पात्राच्या केवळ आकारावरून त्याचा अर्थ लावू गेल्यास काय होते, याचे हे उदाहरण लक्षात ठेवण्याजोगे आहे.

अँडीज प्रदेश : पेरू व त्याच्या आसपासच्या प्रदेशात मृत्पात्रे घडविण्यासाठी चाकाचा उपयोग होत नसे. यूरोपीय लोक येईपर्यंत अमेरिका खंडात कुंभाराचे चाक अज्ञात होते. मातीच्या वळ्या एकमेकींवर रचून किंवा साच्यात दाबून भांडी तयार करीत. चाकावरचे भांडे स्वाभाविकपणे गोल होते; साच्याला असे बंधन नसते. या प्रदेशात मानवाकृती पात्रांची एवढी विविधता आढळते, तिचे एक कारण या तंत्रात शोधता येईल.

पेरूच्या उत्तर किनाऱ्यावर सु. इ. स. १०० ते ८०० या काळात नांदलेल्या मोचे संस्कृतीत ही कला पूर्णत्वास पोहोचली. पात्राची मूळ प्रतिकृती भरीव मातीची करून तीवरून दोन भागांचा साचा घेत. साच्यात दाबून काढलेले दोन अर्धे भाग जोडून घेतल्यावर माथ्यावर रिकिबीच्या आकाराची पोकळ तोटी बसवीत. नंतर पात्रावर तांबड्या व दुधी रंगाच्या मातीचा लेप देऊन ते घोटीत आणि भाजीत. रिकिबीसारख्या तोटीमुळे आतील द्रव सहज सांडत नाही, बाष्पीभवनही कमी होते आणि भांडे हातात धरण्यास सोपे जाते. या पात्रांतून बहुधा मक्याचे मद्य देत असावेत. अनेक पात्रांवर वापराने झालेली झीज दिसते. म्हणजे ती केवळ प्रेताबरोबर पुरण्यासाठी केलेली नव्हती. जिवंत माणसांच्या हाताळणीतून ती अखेरीस थडग्यात गेली.

मोचे पात्रांत मस्तकाच्या आकाराची व्यक्तिचित्रे विशेष प्रसिद्ध आहेत. ती प्रामुख्याने मोचे, चिकामा व विरू या दक्षिणेकडील खोऱ्यांत तयार झाली. गालांची ठेवण, पापण्यांचे जडपण, ओठांवरील व्रण, शिरोवेष्टन, कानांतील अलंकार यांचे चित्रण इतके नेमके आहे की, एकच व्यक्ती अनेक पात्रांवर ओळखता येते. अमेरिकन पुरातत्त्वज्ञ क्रिस्टोफर डॉनन याने अशा शेकडो पात्रांची छायाचित्रे जमवून त्यांचा अभ्यास केला. ओठावर व्रण असलेल्या एका पुरुषाची चाळीसहून अधिक पात्रे त्याला ओळखता आली. त्यांत तो पुरुष बालपणापासून प्रौढ वयापर्यंत दिसतो. ही व्यक्तिचित्रे जवळजवळ सर्वच पुरुषांची आहेत. स्त्रियांचे चित्रण इतर प्रकारच्या मोचे पात्रांवर पुष्कळ आढळत असूनही त्यांना हा मान का मिळाला नाही, हा प्रश्न या कलेतून मोचे समाज समजून घेऊ पाहणाऱ्याने नजरेआड करता कामा नये.

अँडीजमधील इतर संस्कृतींतही मानवाकृती पात्रे आहेत. दक्षिण किनाऱ्यावरील नास्का कुंभार भाजण्यापूर्वी अनेक रंगांचे लेप देत. वारी संस्कृतीत (सु. ६००–१०००) मोठ्या रांजणाच्या गळ्यावर चेहरा काढून पोटावर वस्त्राची नक्षी रंगवीत, म्हणजे रांजण हाच पोशाख केलेला पुरुष होई. चांकाय येथील काळ्या-पांढऱ्या पात्रांतील माणसे हातात पेला धरून उभी असतात. चिमू राज्यात काळी, चकचकीत पात्रे साच्यातून मोठ्या संख्येने निघू लागली. त्यांत मोचे कारागिरांची निरीक्षणशक्ती क्वचितच दिसते.

या संपत्तीला एक मोठा दोष चिकटलेला आहे. जगभरच्या संग्रहालयांत असलेल्या मोचे पात्रांपैकी बहुतेकांचे मूळ स्थान नोंदलेले नाही. थडगी फोडून वस्तू विकणाऱ्यांना पेरूमध्ये ‘वाकेरो’ म्हणतात. त्यांनी अनेक पिढ्या हा धंदा केला. पात्र बाजारात आले, पण ते कोणाच्या थडग्यात, शवाच्या कोणत्या बाजूस आणि आणखी कशाबरोबर होते, ही माहिती खड्ड्यातच नष्ट झाली. १९८७ मध्ये लांबायेके प्रदेशातील सिपान येथे लुटारूंनी एक समृद्ध थडगे फोडले. पोलिसांनी सूचना दिल्यावर पुरातत्त्वज्ञ वॉल्टर आल्वा याने तेथे उत्खनन हाती घेतले आणि न फुटलेले एक राजथडगे शास्त्रीय पद्धतीने उघडले. मोचे पात्रांवर चित्रित केलेल्या विधीतील मुख्य पुरुषाचा पोशाख व अलंकार त्या थडग्यातील शवावर प्रत्यक्ष आढळले. जी दृश्ये तोपर्यंत पुराणकथा समजली जात होती, ती खऱ्या माणसांनी पार पाडलेल्या विधींची आहेत, हे त्यामुळे स्पष्ट झाले. संग्रहालयांतील हजारो देखण्या पात्रांना जे सांगता आले नव्हते, ते जागेवर सापडलेल्या एका थडग्याने सांगितले.

महाराष्ट्र : इनामगाव हे पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी वसलेले ताम्रपाषाणयुगीन स्थळ आहे. तेथे डेक्कन कॉलेजच्या वतीने १९६८ पासून अनेक हंगाम उत्खनन झाले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर व झै. दा. अन्सारी यांनी सिद्ध केलेला त्याचा अहवाल १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. माळवा (सु. इ. स. पू. १६००–१४००), पूर्व जोर्वे (सु. इ. स. पू. १४००–१०००) व उत्तर जोर्वे (सु. इ. स. पू. १०००–७००) असे तेथील वसाहतीचे तीन कालखंड आहेत. जोर्वे हे नाव अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील संगमनेर तालुक्यातील गावावरून पडले. त्या गावी १९५०–५१ मध्ये उत्खनन झाले होते.

जोर्वे लोकांची नेहमीची भांडी चाकावर घडविलेली, उत्तम भाजलेली व तांबड्या पृष्ठावर काळ्या रंगात भौमितिक नक्षी काढलेली असत. तोटीची भांडी व कंगोरेदार वाडगे हे त्यांचे वैशिष्ट्य. दफनासाठी मात्र ते बहुधा जाड, भरड पोताचे घट वापरीत. मूल मरण पावल्यास ते घराच्या जमिनीखाली खड्ड्यात पुरीत. त्यासाठी दोन घट आडवे ठेवून त्यांची तोंडे एकमेकांस जुळवीत आणि आत मुलाचे शव ठेवीत. नेवासे येथे क्वचित तीन घटही वापरलेले आढळतात. प्रौढांना खड्ड्यात उत्तरेकडे डोके करून उताणे पुरीत आणि पुरण्यापूर्वी त्यांचे पाय घोट्यापासून तोडीत. मृताने परत चालत येऊ नये, अशी भीती यामागे असावी, असे अभ्यासक मानतात.

वसाहतीच्या मध्यभागी असलेल्या पाच खोल्यांच्या एका घराच्या अंगणात या रीतीला अपवाद असलेले एक दफन मिळाले. हे घर गावातील सर्वांत मोठ्या घरांपैकी असून त्याला लागून धान्याचे कोठार होते. अंगणात पुरलेला कुंभ चार आखूड पायांवर उभा होता. त्याचा फुगीर भाग माणसाच्या, विशेषतः स्त्रीच्या, उदरासारखा दिसतो. मस्तक मात्र दाखविलेले नाही. आत सु. चाळीस वर्षांच्या पुरुषाचा सांगाडा मांडी घालून बसलेल्या स्थितीत होता. इतर प्रौढांप्रमाणे त्याचे पाय तोडलेले नव्हते. घराचा आकार, कोठाराचे सान्निध्य व दफनाचे वेगळेपण एकत्र पाहता हा पुरुष गावचा प्रमुख असावा, असा निष्कर्ष काढण्यात आला. जोर्वे समाजात उच्चनीच स्थान निर्माण झाले होते, या मताच्या पुष्ट्यर्थ हे दफन नेहमी पुढे केले जाते.

या कुंभाच्या अर्थाविषयी एक मोहक स्पष्टीकरण सहज सुचते : कुंभ म्हणजे गर्भाशय, आणि मृताला त्यात ठेवणे म्हणजे पुनर्जन्मासाठी मातेच्या उदरात परत पाठविणे. मुलांच्या दफनांना ते चांगले लागू पडते; जोडलेल्या दोन घटांच्या पोकळीत शव गर्भासारखेच राहते. भारतीय वाङ्‌मयातही या कल्पनेला आधार आहे. अगस्त्य व वसिष्ठ यांचा जन्म कुंभातून झाल्याची कथा आहे. महाभारतात गांधारीच्या गर्भपिंडाचे भाग तुपाच्या शंभर कुंभांत वाढविले जातात. आश्वलायन गृह्यसूत्रात पुरुषाच्या अस्थी कुंभात व स्त्रीच्या अस्थी कुंभीत ठेवण्याचा निर्देश आहे, म्हणजे अस्थिपात्राचेही लिंग मानले जाई. परंतु इनामगावचा पुरुष गर्भासारखा अंग मुडपून नव्हे, तर मांडी घालून बसला आहे. ही बैठक झोपेची वा जन्माची नसून सभेतील मानाची आहे. महाराष्ट्रात लिंगायत, गोसावी, नाथपंथी यांच्यात मृताला बसवून समाधी देण्याची रीत आहे. तीन हजार वर्षांच्या अंतरामुळे तिचा या दफनाशी थेट संबंध जोडता येत नाही. मात्र बसलेल्या शवाला आदराचा अर्थ असू शकतो, एवढे ती दाखविते. तेव्हा उदराचा आकार एक गोष्ट सांगतो आणि आतील माणसाची बैठक दुसरी. दोन्ही एकदमच खऱ्या असण्यास हरकत नाही.

मस्तक नसणे हे अपूर्णतेचे लक्षण मानण्याचे कारण नाही. इनामगाव येथेच पूर्व जोर्वे काळातील (सु. इ. स. पू. १३००) एका घराच्या जमिनीखाली मातीची लंबगोल पेटी मिळाली. तिच्यात एक स्त्रीमूर्ती होती आणि पेटीवर दुसरी, शिर नसलेली स्त्रीमूर्ती व एक बैल ठेवलेला होता. मूर्तीच्या पोटात आणि बैलाच्या पाठीत छिद्रे आहेत. त्यांत काडी घालून मूर्ती बैलावर बसविता येते, म्हणजे शिरविरहित रूप हेतुपूर्वक घडविलेले होते. पुढे इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत तेर, नेवासे, भोकरदन येथे लज्जागौरीच्या लहान मूर्ती मिळतात. त्यांतही देवतेला मस्तक नसते किंवा त्या जागी कमळ असते. या प्रकारच्या काही फलकांवर देवतेचे धड म्हणजे चक्क पूर्णकुंभ आहे : खाली पाय, मध्ये घट व घटाच्या मुखातून वर आलेले कमळ. रा. चिं. ढेरे यांनी लज्जागौरी (१९७८) या ग्रंथात या देवतेचा लोकदैवतांशी असलेला संबंध सविस्तर मांडला आहे. अँडीजच्या कुंभाराने घटाला चेहरा दिला आणि त्यामुळे घट विशिष्ट माणसाचा झाला. दख्खनमध्ये घटाला पोट मिळाले, चेहरा मिळाला नाही. तो कोणा एकाचा नव्हे, तर प्रसवणाऱ्या शक्तीचा राहिला.

दक्षिण भारतातील महाश्मयुगीन दफनांतही पायांच्या मातीच्या शवपेट्या मिळतात. आंध्र प्रदेशातील कडप्पा जिल्ह्यात शंखवरम् येथे मिळालेली शवपेटी मेंढ्याच्या आकाराची आहे. मानवाकृती पात्रांशी या पेट्यांचे साम्य केवळ दूरचे आहे.

शहापूर व मुरबाड : जोर्वे संस्कृतीच्या वसाहती कोकणच्या किनारपट्टीत आढळलेल्या नाहीत. सह्याद्रीच्या पश्चिम पायथ्याशी असलेले ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड हे तालुकेही त्यांच्या विस्ताराबाहेर पडतात. दख्खनच्या काळ्या मातीतील ज्वारी, बाजरी व कडधान्यांचा पट्टा घाटमाथ्याच्या पूर्वेस आहे. खाली अतिपर्जन्याचा, भाताचा व जंगलाचा मुलूख लागतो. मुरबाडकडून जुन्नरला चढणारा नाणेघाट सातवाहन काळी गजबजलेला व्यापारी मार्ग होता. त्याच्या माथ्यावर दगडात कोरलेला मोठा रांजण असून त्यात जकातीची नाणी टाकीत, असे परंपरेने सांगतात. जवळच्या लेण्यात सातवाहन राजकुलातील व्यक्तींच्या मूर्ती नावांनिशी कोरलेल्या होत्या. त्या मूर्ती नष्ट झाल्या असून नावे तेवढी वाचता येतात. इनामगावच्या अंगणात नेमके उलट घडले आहे : माणूस जसा बसविला तसा उरला, त्याचे नाव मात्र गेले.

या दोन तालुक्यांत प्राचीन मानवाकृती पात्रे नसली, तरी घटाला देवतेचे शरीर मानण्याची प्रथा तेथे जिवंत आहे. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी व वारली या जमातींची येथे मोठी वस्ती आहे. वारल्यांच्या लग्नात झोपडीच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. तो लिहिण्याचा अधिकार सवाशिणींचा असतो. चौकाच्या मध्यभागी पालघट ही देवी असते व तिच्या साक्षीवाचून लग्न पुरे होत नाही. तिच्या नावातील ‘घट’ या पदावरून, पालवीने भरून वाहणारा घट म्हणजेच ही देवी, असा अर्थ अभ्यासक लावतात. वनस्पती, पीक व संतती ही तिची क्षेत्रे या अर्थाशी जुळतात. येथे कुंभाराने घडविलेल्या घटाला मानवी रूप दिलेले नाही. उलट, भिंतीवरील मानवी रूपाला घटाचे नाव दिले आहे. वारली चित्रे १९७० नंतर कागदावर व कापडावर येऊन जगप्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांतील नाच, शिकार व शेती यांची दृश्ये लोकप्रिय झाली. लग्नचौक आणि त्यातील ही देवी मात्र भिंतीवरच, आपल्या विधीच्या जागीच, पूर्णार्थाने समजते.

महाराष्ट्रातील इतर समाजांतही ही कल्पना विविध रूपांत आढळते. नवरात्रात घटस्थापनेच्या वेळी मातीवर ठेवलेला व सभोवती धान्य पेरलेला घट हीच देवी असते. भाद्रपदातील ज्येष्ठागौरी अनेक घरांत धान्याने भरलेल्या मडक्यांच्या उतरंडीवर मुखवटा ठेवून उभी करतात. तिला साडी नेसवून दागिने घातले की मडक्यांची उतरंड दिसेनाशी होते. वारी रांजणाच्या गळ्यावरील चेहऱ्याचा व पोटावरील वस्त्राचा हाच प्रकार. फरक इतकाच की, गौरीचे विसर्जन झाल्यावर मडकी पुन्हा मडकी होतात. अंत्यविधीत प्रेताभोवती फिरताना खांद्यावरील पाण्याच्या मडक्याला अश्म्याने भोके पाडतात व शेवटी ते फोडतात. तेथे मडके म्हणजे देह, हा अर्थ सांगावा लागत नाही. या प्रथांना इनामगावच्या कुंभाचे वंशज म्हणण्याचा मोह टाळला पाहिजे. मधल्या शतकांतील दुवे अत्यंत तुटक आहेत आणि घट व देह यांचे साम्य कोणत्याही पिढीला नव्याने सुचू शकते.

जतन : मोचे पात्रांचा अत्यंत समृद्ध संग्रह पेरूची राजधानी लिमा येथील लार्को संग्रहालयात असून त्याची स्थापना १९२६ मध्ये झाली. सिपान येथील वस्तू लांबायेके येथील स्वतंत्र संग्रहालयात (स्थापना २००२) आहेत. इनामगाव येथील उत्खननातील वस्तू पुण्याच्या डेक्कन कॉलेजने जतन केल्या आहेत.

सांस्कृतिक संपत्तीच्या बेकायदा व्यापाराला आळा घालण्यासाठी यूनेस्कोने १९७० मध्ये आंतरराष्ट्रीय करार केला. भारतात त्याच उद्देशाने १९७२ चा पुरावस्तू व कलानिधी अधिनियम करण्यात आला. या कायद्यांचा रोख चोरीवर व निर्यातीवर आहे. इनामगावच्या कुंभासारख्या पात्राला बाजारात किंमत नसल्याने त्याला चोराचे भय फारसे नाही. धोका वेगळाच आहे. दख्खनमधील ताम्रपाषाणयुगीन वसाहती बहुधा नदीकाठच्या पांढरीच्या टेकाडांत दडलेल्या असतात. मानवी वस्तीच्या राखेने व केरकचऱ्याने कसदार झालेली ही माती शेतकरी खत म्हणून गाड्या भरून नेतात आणि शेतात पसरतात. जमिनीखालचे भरड घट त्या खोदकामात फुटतात. त्यांची खापरे नांगराच्या तासात विखुरली गेल्यावर तो घट कोणत्या घराखाली होता, आडवा होता की चार पायांवर उभा होता आणि त्यात कोण होते, हे ठरविता येत नाही.